शालिग्रामभाऊंचं तेल आणि जावयाचं डोकं

शालिग्राम बोरकुटे तुम्हाला भेटले, तर तुमच्या तोंडाकडे पाहण्याआधी ते तुमच्या डोक्याकडे पाहतील. नमस्कार नंतर. आधी त्यांची नजर तुमच्या कपाळावरून वर सरकेल, भांगात थोडी रेंगाळेल, भोवऱ्यापाशी थांबेल आणि मग खाली येऊन विचारेल, "कसं काय?" हा प्रश्न तुमच्या तब्येतीबद्दल आहे असं समजू नये. मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात नवीन राहायला आलो तेव्हा तसं समजलो आणि "बरं आहे" म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "बरं कुठं हाय, मागून पातळ होऊन राहिले तुम्ही. बसा इथं." त्या दिवसापासून मी त्यांच्या तेलाखाली आहे.

भाऊंचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी भंडाऱ्याहून रायपूरला आले. भाऊही रेल्वेतच लागले आणि रेल्वेतूनच निवृत्त झाले. नोकरीत काय केलं असं विचारलं तर ते एका वाक्यात आटपतात. तेलात काय घालता असं विचारलं तर त्यांच्या पत्नी विमलाकाकूंना दुसऱ्यांदा चहा ठेवावा लागतो.

तेल घाण्यावरचं, तिळाचंच लागतं. त्यात माका, ब्राह्मी, आवळा, जास्वंदीची फुलं, कढीपत्ता आणि मूठभर मेथी. माका ते स्वतः तलावाच्या काठावरून खुडून आणतात. तो बाजारात वाळलेलाही मिळतो, पण "वाळलेला माका म्हंजे फोटोतला पाहुणा, आला काय अन् गेला काय," असं त्यांचं मत आहे. या सगळ्याचा रस आणि तेल लोखंडी कढईत घालून अंगणातल्या चुलीवर मंद आचेवर चढवतात. मग दिवसभर गल्लीत एक वास फिरतो. अर्धा देवळासारखा, अर्धा भिजलेल्या गोणपाटासारखा. संध्याकाळकडे भाऊ कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवतात. वात तडतडली तर आत पाणी राहिलं आहे. मुकाट जळली तर तेल झालं. ती वात पेटत असताना अंगणात कुणी बोलायचं नाही. एकदा मला शिंक आली होती. भाऊंनी वात बदलली.

हे तेल ते विकत नाहीत. विकत असते तर आपल्याला ते घेणं बंद करता आलं असतं. ते बाटली घेऊन घरी येतात, ठेवून जातात आणि पुढच्या वेळी बाटली उजेडाला धरून किती उरलं ते पाहतात. माझी बायको वीणा एकदा अर्धी बाटली दारांच्या बिजागऱ्यांना घालून मोकळी झाली. दारं अजूनही आवाज करत नाहीत. भाऊ आले, बाटली पाहिली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "फरक दिसून राहिला."

भाऊंचे स्वतःचे केस या वयातही दाट आहेत, आणि तीच तेलाची जाहिरात. विमलाकाकू मात्र ताटलीत पोहे वाढता वाढता सांगतात, "सासऱ्यांचे पन असेच होते. ते तर नुसतं नळाचं पानी लावत." भाऊ हे ऐकत नाहीत. संसार टिकवण्यासाठी काय काय ऐकू येऊ द्यायचं नाही, याची त्यांना उत्तम समज आहे.

तेलाच्या विरुद्ध बाजूचा पुरावा म्हणजे समोरच्या घरातले प्रफुल्लभाऊ. त्यांचं औषधांचं दुकान आहे आणि डोक्यावर कानांच्या वर जेवढी झालर उरते तेवढीच उरली आहे. दुकानात केसांच्या दहा कंपन्यांची तेलं असूनही ते वर्षानुवर्षं भाऊंचंच लावतात. केस काही आले नाहीत. भाऊंना विचारलं तर ते म्हणतात, "म्या रस्ता साफ करून ठेवला. येनं न येनं केसाच्या मर्जीवर हाय." प्रफुल्लभाऊ म्हणतात, "झोप मात्र मस्त लागते बाप्पा."

तर अशा घरात अनुश्री, म्हणजे भाऊंची एकुलती मुलगी, लग्नाची झाली. स्थळं येऊ लागली. मुलगा पाहायला आला की भाऊ पाणी आणायच्या निमित्ताने उठायचे आणि आत जाताना त्याच्या मागून जायचे. आत जाऊन काकूंना हळूच सांगायचे, "भोवरा उघडा पडला." एक चांगला इंजिनिअर त्यांनी असाच परत पाठवला. एक डॉक्टर तर दारातूनच गेला, कारण बिचाऱ्याने वाकून नमस्कार केला. काकू चिडल्या तेव्हा भाऊ म्हणाले, "लोकं काय म्हनतीन? ज्याच्या घरी तेल, त्याच्याच जावयाले टक्कल."

अनुश्री तेव्हा नागपूरला नोकरीला होती आणि तिचं अभिनववर मन जडलं होतं. अभिनव त्याच ऑफिसातला, हुशार, सरळ, हसरा. आणि तिशी यायच्या आत त्याच्या माथ्यावरचं पीक कापणी झाल्यासारखं मोकळं झालेलं. तिने त्याला घरची परिस्थिती समजावून सांगितली. त्याने एक आठवडा विचार केला आणि पॅच लावून आला. म्हणजे वरून केसांची एक टोपीच, पण डिंकाने अशी चिकटवलेली की ओढली तरी निघू नये. अनुश्री दोन दिवस हसत होती. मग म्हणाली, बस एक बार पापा देख लें, फिर निकाल देना.

पण एकदा सासऱ्याने पाहिलेली गोष्ट काढायची कशी? भाऊ मागून पाणी घेऊन गेले आणि आत जाऊन काकूंना म्हणाले, "घोड्याची आयाळ हाय." लग्न ठरलं. साखरपुड्यापासून भाऊ नागपूरला बाटल्या पाठवू लागले, आणि लग्नात जावई त्यांना आणखी दाट दिसला. त्यांनी पुरानी बस्तीपासून शंकरनगरपर्यंत ओळखीच्या प्रत्येक घरी सांगितलं की जावयाचे केस मुळात चांगले होते, पण ही जी चमक आहे ती आपली. अभिनव ऐकायचा आणि मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, काय विनयी मुलगा आहे.

हे सगळं मला कसं माहीत? दिवाळीच्या आधी अनुश्रीचा वीणाला फोन आला. पहिली दिवाळी, म्हणजे दिवाळसण. जावई सासरी येणार. आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे भाऊंच्या अंगणात काय चालतं ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. दर वर्षी गल्लीतले पुरुष पंचे गुंडाळून तिथे ओळीने बसतात आणि भाऊ स्वतःच्या हातांनी एकेकाचं डोकं चोळतात. बाकीच्या घरांत अभ्यंगाला तेलाचे चार थेंब लावतात. भाऊंच्या घरी डोकं कमावतात.

"काकू," अनुश्री फोनवर म्हणाली, "पॅचवाले ने एक ही चीज़ मना की है. तेल. तेल लागलं की गोंद सुटतो. और पापा को पता चला ना की मैं भी इसमें शामिल थी, तो बात नहीं करेंगे मुझसे."

वीणाने तिला धीर दिला आणि काम माझ्याकडे सोपवलं. मी धनत्रयोदशीला भाऊंकडे गेलो आणि सहज म्हणावं तसं म्हणालो की जावयाला सर्दी झाली आहे म्हणे, डोक्याला तेल नको.

भाऊंचे डोळे चमकले. "सर्दीवर तर हेच तेल पाह्यजे. थोडा ओवा टाकून गरम करतो."

ते ओवा आणायला उठले. मी घरी येऊन वीणाला सांगितलं की मी परिस्थिती बिघडवून आलो आहे.

चतुर्दशीच्या पहाटे अंगणात रांगोळी, पणत्या, चुलीवर पाण्याचा हंडा आणि पितळी वाटीत ओव्याचा वास मारणारं गरम तेल. पहिला पाट जावयाचा. त्याच्यामागे पंचे गुंडाळून मी, प्रफुल्लभाऊ आणि गल्लीतली आणखी काही थंडीने आखडलेली मंडळी. अभिनव पाटावर असा बसला होता की त्याच्यापेक्षा फाशीच्या कैद्याला बरं वाटत असेल. अनुश्री दाराच्या चौकटीला धरून उभी. काकूंनी रीतीप्रमाणे टाळूला तेलाचं बोट लावलं, औक्षणाचं तबक नीट करायला म्हणून मागे सरल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "झालं. जास्त चोळू नका. पोट्ट्याले सर्दी हाय."

"सर्दीसाठीच तं चोळून राहिलो," भाऊ म्हणाले आणि त्यांनी अख्खी वाटी ओतली.

भाऊंचा हात डोक्यात गेला की माणसाचे डोळे आपोआप मिटतात. अभिनवचेही मिटले. भाऊ बोलत होते. माका यंदा उशिरा मिळाला, जास्वंदीला कीड होती. प्रफुल्लभाऊ फटाक्यांवर काहीतरी म्हणत होते. मी मात्र डोळे फाडून पाहत होतो. भाऊंची बोटं पुढे गेली की केस पुढे जात होते. बोटं मागे आली की केस मागे येत होते. सगळे मिळून, शिस्तीत.

भाऊंचं बोलणं थांबलं. त्यांनी पुन्हा एकदा, अगदी सावकाश, हात पुढे नेला. मग मागे आणला. डावीकडची कड उचलली गेली आणि त्यांचं बोट आत गेलं. इतक्या वर्षांत हजारो डोक्यांवरून फिरलेला तो हात तिथे थबकला. दाराशी अनुश्रीने डोळे मिटले.

भाऊंनी खांद्यावरचा पंचा काढला आणि झटक्यात जावयाच्या डोक्यावर टाकला. "हवा लागन," ते म्हणाले. "चाला, न्हानीत चाला. मास्तर, तुम्ही बादली घेऊन या."

मास्तर म्हणजे मी. शाळा सोडून काळ लोटला, पण कुठे चोरून काही चाललं असलं की लोकांना मास्तर बरोबर आठवतो.

न्हाणीत पिवळा दिवा होता. भाऊंनी पंचा काढला, पॅच त्याच्याबरोबर आला आणि ओल्या फरशीवर पावसात भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखा पडून राहिला.  मी बादलीतलं पाणी हाताने ढवळू लागलो. ते ढवळण्यासारखं नव्हतं.

"पाहायले आले होते तवापासून?" भाऊंनी विचारलं.

"हो, बाबा."

"म्हंजे म्या ज्या केसांची तारीफ केली—"

"ते तयारच मिळाले होते."

"अन् माह्या बाटल्या?"

अभिनवने खाली पाहिलं. "वाया नाही घालवल्या. टाचांना लावल्या. माझ्या टाचा फार फुटायच्या. एकदम मऊ झाल्या, बाबा. खोटं नाही सांगत."

भाऊंनी तेलकट हात पंच्याला पुसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाच्या आड दुसरं काहीतरी हलत होतं, आणि ते त्यांना दाबता येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "दाखवा."

अभिनवने पाय उचलला. भाऊंनी दिव्याच्या उजेडात टाच पाहिली, अंगठ्याने दाबली, दुसरी पाहिली. "इथं भेग होती?"

"मोठी होती."

"हं," भाऊ म्हणाले. मग पाय सोडून ते उभे राहिले आणि सवयीने त्यांची नजर डोक्याकडे गेली. आणि तिथेच राहिली. डिंकाने माथ्याची कातडी लाल झाली होती. कडेने खपल्या धरल्या होत्या, एका ठिकाणी खाजवून ओरखडा उठला होता.

"हे काय करून ठेवलं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "खाजते का?"

"रात्रंदिवस."

"मंग काहून लावलं हे?"

अभिनव खाजवायला गेलेला हात मागे घेत म्हणाला, "अनुश्री म्हणाली, तुम्ही आधी डोकं पाहता."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं. परत पाठवलेला इंजिनिअर आणि दारातून गेलेला डॉक्टर, दोघंही त्या क्षणी न्हाणीत येऊन उभे राहिले असावेत, कारण भाऊ जरा बाजूला सरकले. मग त्यांनी कोमट पाण्याचा तांब्या भरला आणि स्वतः त्या माथ्यावरचा डिंक धुवायला सुरुवात केली. इतक्या हळू हाताने त्यांनी कधी कुणाचं डोकं धुतलं नसेल. मधे एकदा पुटपुटले, "आता इथं माहं तेल नाही लावायचं. सोललेल्या कातडीवर काहीच नाही. डॉक्टरले दाखवू, तो म्हनन तवा नुसतं खोबरेल." स्वतःचं तेल नको असं शालिग्रामभाऊ म्हणाले, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. गल्लीत कुणी विश्वास ठेवत नाही.

फरशीवरच्या पॅचकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे आता परत लागते का?"

"नाही. तेल लागलं. याला दुसरं काहीही लागलं तरी चाललं असतं, फक्त तेल नको होतं."

"असं," भाऊ म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

डोक्याला पंचा गुंडाळून जावई बाहेर आला. ठरलं असं होतं की औक्षण झालं की त्याने सरळ आत जायचं आणि दिवसभर टोपी घालायची, सर्दी होतीच. काकूंनी ओवाळलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. सगळं सुरळीत झालं. मग संस्कार आडवे आले. अभिनव सासूच्या पाया पडायला वाकला आणि पंचा घसरून रांगोळीवर पडला.

पणत्यांच्या उजेडात तो माथा सगळ्यांनी पाहिला.  पाटावर बसलेल्या, तेलाची वाट पाहणाऱ्या त्या मंडळींचे हात एकाच वेळी आपापल्या डोक्यावर गेले. प्रफुल्लभाऊंचा हातही गेला, निव्वळ सवयीने.

"भाऊ," प्रफुल्लभाऊ हळूच म्हणाले, "आत जाताना तं होते."

आता भाऊंपुढे दोनच रस्ते होते. खरं सांगितलं तर पहिल्याच दिवाळीला जावई गल्लीत खोटा ठरणार होता. गप्प राहिलं तर आयुष्यभराच्या तेलाने एका सकाळीत एक अख्खं डोकं साफ केलं, असं शंकरनगरपर्यंत पोचणार होतं. अनुश्री दारातून एक पाऊल पुढे आली आणि थांबली. भाऊंनी चुलीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. ते पंचा उचलायला वाकले, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, "हव. तेलानंच गेले. या बारीले पाक जास्त चढला. चूक झाली माही."

पाट सरकल्याचे आवाज झाले. मंडळी उठू लागली. कुणाला दूध आणायचं आठवलं, कुणाला गॅसवर काहीतरी राहिलेलं. प्रफुल्लभाऊ तेवढे अर्धवट उठून थांबले. त्यांचं तसं काही जाण्यासारखं नव्हतं.

"थांबा, काका," अभिनव म्हणाला. तो अंगणाच्या मधोमध उभा होता, ओला, लाल माथ्याचा. "ते केस माझे नव्हते. चिकटवलेले होते. बाबांना पसंत पडावं म्हणून. तेलानं फक्त ते सुटले. तेलाचा काही दोष नाही."

 भाऊ पंचा हातात धरून तसेच उभे. मग प्रफुल्लभाऊंनी हिशेब लावावा तसं विचारलं, "म्हंजे तेलानं केस जात नाई."

"नाही."

"अन् येत पन नाई."

"प्रफुल्ल," भाऊ म्हणाले, "तू बस खाली."

प्रफुल्लभाऊ बसले, आणि ते बसल्यावर बाकीचेही एकेक करून परत आले. दूध आणायचं राहिलं. भाऊंनी पंचा झटकून जावयाच्या खांद्यावर टाकला, डोक्यावर नाही. मग माझ्यामागे येऊन त्यांनी तेलाचा हात माझ्या डोक्यात घातला. तो हात नेहमीपेक्षा जोरात चोळत होता.

फराळाच्या वेळी अनुश्री बापाच्या शेजारी येऊन बसली. "पापा, नाराज हो?"

"तुह्यावर हाय. त्याच्यावर नाही. तुले माहीत होतं अन् त्या पोट्ट्याले खाजू देत होती." मग त्यांनी आपल्या ताटातली करंजी तिच्या ताटात ठेवली. बोरकुट्यांच्या घरात राग असाच निघून जातो. तोंडाने कुणी सांगत नाही.

काकू चकल्या घेऊन आल्या. "मले तं लग्नातच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "मांडवातल्या पंख्यानं सगळ्यांचे केस उडून राहिले होते. याचे जागचे हलत नव्हते."

भाऊंचा घास हातात राहिला. "मंग सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही केसावर खुश होते. मी पोट्ट्यावर खुश होती. दोघंही खुश, मंग सांगून काय करू?"

संध्याकाळी प्रफुल्लभाऊ अभिनवला कोपऱ्यात घेऊन पॅचवाल्याचा पत्ता विचारताना दिसले. भाऊंनी लांबूनच सांगितलं, "लाव, बाप्पा लाव. मात्र माह्या अंगनात येशीन तं काढून येजो."

अभिनवची कातडी आता बरी झाली आहे. तो उघड्या माथ्याने येतो, आणि भाऊ त्याला शंकरनगरपर्यंत सगळ्यांकडे घेऊन जातात. जावयाबद्दल सांगण्यासारखं त्यांना आता पुष्कळ सापडलं आहे. नागपूरला बाटल्या अजून जातात. दर रविवारी फोनवर खाज नाही ना असं विचारून झालं की पुढचा प्रश्न टाचांचा असतो.

परवा मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. कढई उतरली होती, नुकती पेटवलेली वात मुकाट जळत होती. भाऊंची नजर माझ्या कपाळावर आली, वर सरकली, मग मधेच विचार बदलल्यासारखी सरळ खाली उतरून माझ्या पायांवर थांबली.

"मास्तर," ते म्हणाले, "चप्पल काढा पाहू. बसा इथं."